मंगळावर जाणारी घडी

“…आणि धरायला हवाच नसेल, तर छत्री धरणार काय, उस्ताद?”

नूरुद्दीन उस्ताद फरशीवर बसले होते. ते चादरीचं टोक शोधत होते.

“मंगळावर हवा आहे, पण नावाला. आपल्याकडं शंभर वाटे, तर तिथं एक. तोही धड भरत नाही. अशा हवेत छत्री उघडून यान उतरवायचं म्हणे! हे कुणाच्या डोक्यात आलं तरी कसं?”

“ते टोक धर,” उस्ताद म्हणाले.

श्रीरंग टेमघरेनं टोक धरलं. धरलं कसलं, हिसकावलंच. हिरवी चादर दोघांच्या मध्ये ताणली गेली.

छावणीच्या मागं टेकडी आहे, टेकडीवर पीराचा दर्गा. गुरुवारी लोक चादरी वाहतात. शनिवारी दुपारी त्या उतरवून, झटकून, घड्या घालून ठेवायच्या, हे उस्तादांचं काम. फकीर म्हणावं तर अंगात खाकी स्वेटर, आणि हवालदार म्हणावं तर हातात तसबीची माळ. तीस वर्षं त्यांनी फौजेच्या शेडमध्ये हवाई छत्र्यांच्या घड्या घातल्या. विमानातून उडी मारणाऱ्या जवानाच्या पाठीवर जे गाठोडं असतं, ते बांधायचे. मग हात थरथरायला लागले. ज्या दिवशी पहिल्यांदा थरथरले, त्याच दिवशी त्यांनी शेडची किल्ली टेबलावर ठेवली आणि टेकडी चढले.

श्रीरंग त्यांचा पट्टशिष्य. निदान श्रीरंगचं तरी असं म्हणणं होतं.

बावीस वर्षांत अकरा हजार घड्या, आणि एकही छत्री फसली नाही. हा आकडा तो लग्नाच्या पंगतीतसुद्धा शेजाऱ्याला सांगायचा. शेजारी जिलबी खाण्यात गुंग असला तर पुन्हा सांगायचा.

आज मात्र त्याच्या खिशात दुसरंच काही होतं.

“पत्र आणलंय,” तो म्हणाला. “यान पाठवणाऱ्यांच्या समितीला. उद्या त्यांची बैठक आहे. चार शंका लिहिल्यात. खाली माझी सही आहे, पण मला विचारतो कोण? तुमची सही असली तर ते घडीचं काम तिथल्या तिथं थांबवतील. तुमचा शब्द ते खाली पडू देत नाहीत.”

“कुणाचं काम थांबेल?”

“घडीचं.”

“घडी कोण घालतंय?”

श्रीरंगनं चादरीवरची नसलेली धूळ झटकली.

“ती… सुलोचना.”

नाव उच्चारताना त्याचं तोंड असं झालं, की कुणालाही वाटावं कडू काकडी चावली.

सुलोचना बनसोडे. तंबू शिवणाऱ्याची मुलगी. श्रीरंगनंतर दोन वर्षांनी शेडमध्ये आली. श्रीरंग तासाभरात छत्री बांधून चहाला जायचा, तेव्हा ही बया अजून दोऱ्या विंचरत बसलेली असायची. एकेका घडीला तिनं दोन दोन दिवस लावलेत. सगळे हसायचे. श्रीरंग तर सगळ्यांत मोठ्यानं.

आणि आता, मंगळावर जाणाऱ्या यानाच्या छत्रीची घडी घालायला देशभरातून एक माणूस निवडला, तो कोण? तर ही. पेपरात फोटो आला. शेडमध्ये पेढे वाटले. श्रीरंगनं पेढा खाल्ला आणि खवा शिळा असल्याचं सांगितलं. कालपरवाच नोकरीला लागलेला एक पोरगा म्हणाला, “सर, तुम्ही आणि बनसोडे मॅडम एकाच उस्तादांचे ना? मग त्यांनी तुम्हाला नाही बोलावलं?”

त्या दिवसापासून श्रीरंगच्या अंगाचा जो तिळपापड झाला, तो आजतागायत शांत झाला नव्हता.

“वाच,” उस्ताद म्हणाले.

श्रीरंगनं चादरीचं टोक गुडघ्याखाली दाबलं आणि खिशातून पत्र काढलं. चांगलं टाइप करून आणलं होतं.

“शंका पहिली. तिथली हवा इतकी विरळ, की छत्री फुगणारच नाही.”

“हं.”

“शंका दुसरी. यान आवाजापेक्षा जास्त वेगानं येत असताना छत्री उघडायची आहे. चुकून फुगलीच, तर फाटून चिंध्या होतील.”

“हं.”

“तिसरी. जायला सात महिने. सात महिने थंडीत पडलेली घडी चिकटून बसणार. आपण शेडमध्ये चार महिन्यांवर घडी ठेवत नाही, उघडून वाळवतो. तिथं कोण वाळवणार?”

“बरोबर.”

श्रीरंगला हुरूप आला.

“चौथी. दोरी ओढायला तिथं माणूस नाही. इथून सांगावा धाडायचा, तर तो पोचेपर्यंत सगळा खेळ आटोपलेला असतो. सांगा उस्ताद, यात काय खोटं आहे?”

उस्तादांनी चादरीची एक घडी आपल्याकडून मुडपली. श्रीरंगनं आपल्याकडून मुडपली. हे काम दोघांचंच असतं. छत्रीचंही तसंच. एक जण घडी घालतो, दुसरा समोरच्या टोकाला उभा राहून ताण धरतो.

“पाचवी ओळ?” उस्तादांनी विचारलं.

“चारच शंका आहेत.”

“तू पत्र खाली केलंस, तेव्हा खाली अजून एक ओळ होती.”

म्हाताऱ्याचे हात गेले होते, डोळे नव्हते गेले.

“ती… ती शंका नाही. सूचना आहे.”

“वाच.”

श्रीरंगनं घसा खाकरला. “‘सदर घडी घालणाऱ्या व्यक्तीच्या निवडीचाही फेरविचार व्हावा.’”

घुमटावरची कबुतरं फडफडली आणि पुन्हा बसली.

…

“पेन आहे?” उस्ताद म्हणाले.

श्रीरंगचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. त्यानं लगबगीनं पेन काढलं, टोपण काढून पुढं केलं. उस्तादांनी पेन घेतलं. कागदावर टेकवण्याआधी ते थांबले.

“शेडचा रिवाज आठवतो?”

“कुठला?”

“‘उघड’चा.”

न आठवून सांगतो कुणाला? रिवाज उस्तादांनीच पाडलेला. कुणाचीही घडी पुरी झाली आणि वहीत सही व्हायची राहिली, की शेडमधला कुणीही उठून ‘उघड’ म्हणू शकायचा. का, म्हणून विचारायचं नाही. गाठोडं सोडायचं. मात्र ज्यानं ‘उघड’ म्हटलं, त्यानंच ती घडी परत घालायची आणि वहीत सही त्याची पडायची. आणि सही ज्याची, त्याला बोलावणं आलं की तीच छत्री पाठीला बांधून विमानातून उडी टाकायची. त्यामुळं उगाच ‘उघड’ म्हणायची कुणाची छाती होत नसे.

सुलोचना तेवढी म्हणायची. तीही स्वतःच्या घडीला. सगळं बांधून व्हायचं, शेवटचा टाका पडायचा, ही बाई दोन पावलं मागं सरायची, बघत राहायची आणि आपली आपणच पुटपुटायची, ‘उघड.’ एकदा तर एका दिवसात नऊ वेळा. त्या दिवशी शेडमध्ये हसून हसून लोकांच्या पोटात दुखलं.

श्रीरंगच्या घडीला बावीस वर्षांत कुणी ‘उघड’ म्हटलं नाही. त्यानं स्वतःही कधी म्हटलं नाही.

“आठवतो,” तो म्हणाला.

“हे पत्र म्हणजे तू सुलोचनाच्या घडीला ‘उघड’ म्हणतोयस.”

“तसं समजा.”

“मी सही केली. समितीनं मानलं. घडी उघडली. मग रिवाजानं ती तुझ्याकडं आली…” उस्तादांनी पेन हवेतच धरलं होतं. “घेशील?”

“घेईन!”

प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर बाहेर पडलं. कबुतरंही दचकली.

“पण श्रीरंगा, तिथं तर हवाच नाही.”

“नाही कशी? विरळ आहे. विरळ म्हणजे नाही असं थोडंच आहे! आणि यानाचा वेग बघा की उस्ताद. त्या वेगात विरळ हवासुद्धा थपडा मारते. फुगते छत्री. न फुगायला काय झालं?”

“फाटेल.”

“अहो, फाटेल कशी? तिची बेतणीच वेगळी!” श्रीरंग पुढं सरकला. चादर त्यानं ओढून घेतली आणि फरशीवर पसरली. “हे बघा. वरती हा गोल. खाली ही रुंद पट्टी, अशी सभोवार. आणि दोहोंच्या मध्ये ही फट. मुद्दाम ठेवलेली. जास्तीचा वारा इथून निघून जातो, कापडावर येत नाही. किती सुरेख युक्ती आहे बघा!”

“आणि सात महिन्यांत चिकटली तर?”

“ती घडी आपल्यासारखी हातानं दाबून होत नाही. यंत्राखाली ठेवून दिवसेंदिवस दाबत न्यायची. थोडं दाबायचं, बसू द्यायचं, पुन्हा दाबायचं. लाकडाच्या ओंडक्यासारखी टणक होते. मग भट्टीत तापवायची, म्हणजे इथले जंतू तिकडं जायला नकोत. ओलाच नाही, तर चिकटेल कशानं? घडी मात्र अशी घालायला हवी…” त्याची बोटं चादरीवर धावायला लागली. एक मुडप इकडं, एक तिकडं, तळवा फिरवून हवा बाहेर, पुन्हा मुडप. “अशी… आणि दोऱ्या अशा नागमोडी. एकीवर दुसरी चढली की संपलं. म्हणजे निघताना आधी दोऱ्या ताणल्या जातील, मग कापड सुटेल. उलटं झालं तर वाटच लागेल.”

“ओढणार कोण?”

“कुणी कशाला ओढायला हवं? यान स्वतःचा वेग मोजतं. ठरल्या क्षणी उखळी तोफेसारखा बार होतो आणि गाठोडं बाहेर फेकलं जातं. छत्री काही शेवटपर्यंत उतरवत नाही म्हणा. ती आपला वाटा उचलते आणि सुटते, मग खालची इंजिनं पेटतात. पण तिचा वाटा तिनं उचलला नाही, तर इंजिनांच्या बापाच्यानं काही होणार नाही. सगळं घडीवर आहे, उस्ताद! सगळं…”

आणि तो थांबला.

फरशीवर चादरीची घडी तयार झाली होती. एका बाजूला तो गुडघ्यांवर बसला होता, कपाळाला घाम. दुसऱ्या बाजूला उस्ताद, मांडीवर पत्र आणि हातात उघडं पेन.

चार शंकांचं पत्र. चारही शंका त्यानं स्वतःच निकालात काढल्या होत्या. ते सगळं त्याला कुठून ठाऊक होतं, हे सांगायला नको. महिनाभर तो दुसरं काही वाचतच नव्हता. सुलोचनाच्या कामात खोट काढायची म्हणून दिवसाला चार चार तास मान मोडून वाचायचा. बायको म्हणाली होती, “इतकं तर तुम्ही आपल्या लग्नाच्या याद्यांनासुद्धा बसला नव्हता.”

उस्तादांनी पेनाला टोपण लावलं. त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला.

…

“तिलाच का?” श्रीरंग म्हणाला.

आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

“अकरा हजार घड्या आहेत माझ्या. एक फसली असती तर गोष्ट वेगळी. तिच्या किती असतील? तीन हजार? मी उभा राहून तिला दोऱ्या विंचरायला शिकवलंय. त्या समितीतल्या लोकांना कुणी सांगितलं तिचं नाव?”

“मी.”

श्रीरंगनं मान वर केली.

“माझ्याकडं आले होते ते. इथंच बसले होते. नाव मी दिलं.”

“आणि मी मेलो होतो का?”

दर्ग्यात कुणी असं ओरडत नाही. अंगणात झाडू मारणारी बाई क्षणभर थांबली, तिनं वळून बघितलं आणि पुन्हा झाडायला लागली.

उस्ताद रागावले नाहीत. त्यांनी तसबीचे दोन मणी पुढं सरकवले.

“नाव देण्याआधी तिला बोलावून विचारलं. म्हटलं, बेटी, छत्री उतरेल का? ती म्हणाली, ‘ठाऊक नाही, उस्ताद.’” उस्तादांनी आणखी एक मणी सरकवला. “तुला विचारलं असतं तर?”

“उतरणारच म्हणालो असतो! छातीठोकपणे!”

“हं.”

“म्हणजे माझी खात्री होती, हा माझा गुन्हा?”

उस्ताद मांडीवरचं पत्र सरळ करत राहिले.

“बोला ना!”

…

बोलणार कोण? श्रीरंगच बोलला. फरशीकडं बघत.

“जळतो मी तिच्यावर, उस्ताद. आता तुमच्याशी खोटं काय बोलायचं? त्या पेपरातल्या फोटोवर मी पोहे ठेवून खाल्ले. तिनं तीनदा फोन केला, मी उचलला नाही. समोर वाजत होता, बघत बसलो. देवापुढं हात जोडले, तर मनात काय आलं? छत्री फाटू दे. माझ्याच देशाचं यान, हजार माणसं त्यासाठी राबली असतील, आणि मी म्हणतोय फाटू दे. म्हणजे तरी लोक म्हणतील, टेमघरेला घ्यायला हवं होतं. तुमच्याकडं आलो तेही शंका विचारायला नाही आलो. छत्री उतरेल याचीच मला भीती वाटते.”

उस्तादांनी मांडीवरचं पत्र उचललं. सही न करता त्याच्यापुढं धरलं.

श्रीरंगनं ते घेतलं. फाडलं नाही, खिशातही घातलं नाही. नुसतं हातात धरून बसला. एवढं बोलून मन हलकं होतं म्हणतात. त्याचं काही झालं नाही. सुलोचना अजून तिथंच होती, मंगळाच्या वाटेवर, आणि तो इथं चादरीपाशी.

“त्यांनी दुसरंही नाव मागितलं होतं,” उस्ताद म्हणाले.

“कसलं?”

“टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उभं राहायला माणूस हवाय. ताण धरायला. घडी तपासायला. ‘उघड’ म्हणायचा हक्क त्याला. त्यानं म्हटलं की सगळ्यांनी थांबायचं.”

“मग? कुणाचं दिलंत?”

“तुझं.”

श्रीरंगनं हातातलं पत्र उलटं करून फरशीवर ठेवलं.

“उद्याच्या बैठकीत तेच ठरायचंय. सुलोचनानं फोन त्यासाठीच केला असेल. मी तिला सांगितलं होतं, तू विचार.”

“ती… हो म्हणाली? माझ्या नावाला?”

“तिला विचारलं, श्रीरंग चालेल का? म्हणाली, त्यांचं माझ्याशी पटत नाही. म्हटलं, ते मला ठाऊक आहे. चालेल का, ते सांग. बऱ्याच वेळानं ‘चालेल’ म्हणाली.”

ऊन खांबाच्या पलीकडं सरकलं होतं. श्रीरंगनं चादरीच्या घडीवर तळवा ठेवला, काढून घेतला.

“नको, उस्ताद,” तो म्हणाला. “दुसरं कुणी द्या. एखादा भला माणूस द्या. मी आत्ता काय बोललो ते ऐकलंत ना? मला तिचं बरं बघवत नाही. तिच्यासमोर उभा राहीन आणि तिचं कुठं चुकतंय तेवढंच बघत राहीन. दिवसभर. डोळ्यात तेल घालून. तिच्या हातून एक धागा जरी इकडचा तिकडं सरकला, तरी मला आनंद होईल. असला माणूस तुम्ही तिच्या घडीसमोर उभा करणार?”

उस्तादांनी वाकून दुसरी चादर उचलली. टोक शोधलं. थरथरत्या हातानं त्याच्यापुढं केलं.

“तो एक धागा, श्रीरंगा… भल्या माणसाला दिसेल?”